रेडिओवरून मराठी चित्रपटाची जाहिरात : ठाणे आणि नवी मुंबईतल्या निर्मात्यांसाठी

मराठी चित्रपटाच्या प्रसिद्धीचा हिशेब बहुधा प्रदर्शनाच्या आधीच्या पंधरवड्यात मांडला जातो. पोस्टर छापून झालेले असतात, ट्रेलर यूट्यूबवर गेलेला असतो, वर्तमानपत्रातल्या जागेचे पैसे दिलेले असतात, आणि मग तळाशी उरलेल्या रकमेकडे पाहून कोणीतरी म्हणते, ‘‘एवढ्यात रेडिओवर काहीतरी टाकून देऊ.’’ त्या ‘काहीतरी’चे स्वरूप ठरलेले आहे. ट्रेलरचा आवाज तीस सेकंदांवर कापायचा, शेवटी तारीख जोडायची आणि फाइल केंद्राकडे पाठवून द्यायची. ठाण्यात राहून गेली काही वर्षे छोट्या निर्मात्यांसाठी अशा जाहिराती लिहिण्याचे आणि त्यांचे वेळापत्रक लावण्याचे काम मी करतो. ट्रेलर कापून केलेली जाहिरात रेडिओवर चालत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. ट्रेलरमध्ये डोळ्यांना जे कळते ते कानांना कळत नाही. नायिका रागाने दाराकडे पाहते त्या दोन सेकंदांत रेडिओवर नुसते पार्श्वसंगीत उरते. म्हणून रेडिओचा विचार चित्रपटाचे ध्वनिमिश्रण चालू असतानाच करावा, कारण रेडिओला लागणारा कच्चा माल त्याच वेळी स्वच्छ आणि सुटा मिळतो. संवादाचा वेगळा ट्रॅक, परिसराच्या आवाजाचा वेगळा ट्रॅक आणि संगीताचा वेगळा ट्रॅक ध्वनिसंयोजकाकडून तेव्हाच मागून ठेवावा. पुढे तो माणूस दुसऱ्या कामात गुंतला की फोन उचलत नाही.

ऐकणारा कुठे बसला आहे

मुंबईच्या एफएम केंद्रांचे प्रक्षेपण ठाण्यात आणि नवी मुंबईत ऐकू येते. ९१.१ वरचे रेडिओ सिटी, ९२.७ वरचे बिग, ९३.५ वरचे रेड, ९८.३ वरचे मिर्ची ही नावे इथल्या कोणत्याही रिक्षावाल्याला पाठ असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपला चित्रपट केवळ ठाणे, डोंबिवली आणि वाशी इथे लागणार असला तरी आपण पैसे मात्र चर्चगेटपासून विरारपर्यंतच्या कानांचे मोजतो. केंद्राचा विक्री प्रतिनिधी श्रोतृसंख्येचे जे आकडे दाखवतो तेही साधारणपणे अख्ख्या मुंबई परिसराचे असतात. त्यामुळे पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा, आपले खेळ किती ठिकाणी आहेत? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई मिळून बऱ्यापैकी चित्रपटगृहे हाती असतील तरच खासगी एफएमचा खर्च अंगावर घ्यावा. तीन-चार पडद्यांसाठी तो खर्च परवडत नाही. त्या परिस्थितीत गडकरी रंगायतनच्या आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या बाहेर, नाटक सुटण्याच्या वेळी हाती दिलेले पत्रक जास्त उपयोगी पडते, आणि हे मी रेडिओचे काम करणारा माणूस असूनही म्हणतो.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याच्या स्थितीचा आहे. आपल्याकडे घरात निवांत बसून एफएम ऐकणारे आता थोडे उरले आहेत. रेडिओ चालू असतो तो घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या अलीकडे अडकलेल्या मोटारीत, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापे आणि तुर्भे एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, रिक्षात, केशकर्तनालयात आणि किराणा दुकानाच्या मागच्या फळीवर. ऑक्टोबर २०२४ पासून आनंदनगर, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, तरी सकाळच्या गर्दीतले थांबणे काही संपलेले नाही, आणि जाहिरातदाराच्या दृष्टीने ते थांबणे हीच खरी बाजारपेठ आहे. या माणसाचे एक लक्ष पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर असते. त्याच्या हातात लेखणी नसते आणि फोन नंबर लिहून घेण्याची सोय नसते. शिवाय एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे गायमुखच्या वळणांवर किंवा उंच इमारतींच्या आड आवाज खरखरतो, दोन-तीन शब्द गिळले जातात आणि पुन्हा स्पष्ट होतो. चित्रपटाचे नाव जाहिरातीत एकदाच आले आणि नेमके तेच त्या खरखरीत सापडले, तर त्या श्रोत्यापुरती जाहिरात वाया गेली. नाव दोनदा तरी, शक्य तर तीनदा यावे, असे मी म्हणतो त्याचे कारण हेच आहे.

इथला एक श्रोतृवर्ग सहसा कोणाच्या नियोजनात नसतो. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटेच्या आधीपासून टेम्पो आणि ट्रक लागतात. तिथले माथाडी कामगार मोठ्या संख्येने सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले, घरी मराठी बोलणारे आणि कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात राहणारे आहेत. पहाटेचे प्रसारण सर्वांत स्वस्त असते, कारण मोठ्या जाहिरातदारांना त्या वेळेत रस नसतो. ग्रामीण बाजाचा चित्रपट असेल, तर पहाटे पाच ते सातमध्ये थोडे स्पॉट, म्हणजे जाहिरातीच्या फेऱ्या, घेऊन त्यात रविवारच्या दुपारच्या खेळाचा उल्लेख करावा. याउलट उच्चमध्यमवर्गीय जोडप्यांच्या घटस्फोटाची गोष्ट असेल तर तिथे पैसे घालू नयेत.

आकाशवाणीला विसरू नये. मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला आहे. तिचा श्रोता वयाने मोठा, मराठीशी बांधलेला आणि रेडिओ खरोखर ऐकणारा आहे. कौटुंबिक चित्रपटासाठी तो एफएमवरच्या तरुणापेक्षा मोलाचा ठरू शकतो, कारण ज्येष्ठ नागरिक एकटे जात नाहीत; ते सून, मुलगा आणि नातवंडे असा पाच तिकिटांचा कबिला घेऊन जातात.

एक आवाज निवडणे

या सगळ्या खटाटोपाचा गाभा लेखनात आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. समजण्यासाठी एक काल्पनिक चित्रपट घेऊ. ठाणे स्टेशनाबाहेर एक म्हातारा चाळीस वर्षे पाणपोई चालवतो आहे, रस्तारुंदीकरणात ती हटवण्याची नोटीस आली आहे, आणि ती नोटीस बजावणाऱ्या खात्यात त्याचाच मुलगा नोकरीला आहे. चित्रपटाचे नाव ‘पाणपोई’, असे या लेखापुरते धरून चालू. निर्मात्याकडून माझ्याकडे येणारी पहिली संहिता साधारण अशी असते :

‘‘अमुक प्रॉडक्शन प्रस्तुत, तमुक निर्मित आणि ढमुक दिग्दर्शित, एका बापाच्या संघर्षाची, एका मुलाच्या घुसमटीची आणि नात्यांच्या ओलाव्याची हृदयस्पर्शी कहाणी! दमदार अभिनय, सुमधुर संगीत आणि डोळ्यांचे पारणे फेडणारे छायांकन! पाहायला विसरू नका, ‘पाणपोई’, येत्या शुक्रवारपासून आपल्या जवळच्या चित्रपटगृहात!’’

यातला ‘पाणपोई’ हा शब्द वगळला तर ही जाहिरात कोणत्याही मराठी चित्रपटाला जशीच्या तशी लावता येईल. छायांकनाची स्तुती रेडिओवर करणे म्हणजे फोनवरून पुरणपोळीचा वास देणे आहे. निर्माता आणि दिग्दर्शक यांची नावे पहिल्या पाच सेकंदांत आली की मोटारीतला हात दुसऱ्या केंद्राच्या बटणाकडे जातो. नावांबद्दल निर्मात्यांचा आग्रह मी समजू शकतो, पण ती नावे पोस्टरवर मोठी करावीत आणि रेडिओवर सोडून द्यावीत. अपवाद फक्त अशा नटाचा, ज्याचा आवाज ऐकताक्षणी लोक ओळखतात, आणि अशा वेळी त्याचे नाव घेण्याची गरजच नसते, त्याला बोलू द्यावे.

संहिता नव्याने लिहिताना मी आधी चित्रपट डोळे मिटून ऐकतो. ‘पाणपोई’त कानाला काय सापडते? रांजणात ओगराळे बुडल्याचा खोल आवाज, पेल्यात पडणारे पाणी, आणि तो पेला चोरीला जाऊ नये म्हणून ज्या साखळीने बांधलेला असतो त्या साखळीचा खळखळाट. ज्याने कधीही एसटी स्टँडवर पाणी प्यायले आहे त्याला ही साखळी लगेच ओळखू येते. मग वीस सेकंद असे लिहिता येतात :

(साखळी खळखळते. रांजणात ओगराळे बुडते. पेल्यात पाणी पडते.)
लहान मुलगी : आजोबा, पाण्याचे किती झाले?
म्हातारा : पाण्याचे पैसे घेतले असते ना, तर आज अर्धं ठाणं माझं असतं.
(पेला साखळीसकट खाली आपटतो. क्षणभर शांतता.)
निवेदक : पाणपोई. चाळीस वर्षांची तहान, आणि महापालिकेची एक नोटीस. मराठी चित्रपट, पाणपोई. शुक्रवारपासून.
म्हातारा : या, पाणी पिऊन जा.

यात जेमतेम तीस-पस्तीस शब्द आहेत. मराठीत वीस सेकंदांना चाळीस आणि तीस सेकंदांना साठ शब्द ही वरची मर्यादा समजावी, आणि आवाजांना जागा द्यायची असेल तर तिच्याही खाली राहावे. निवेदकाला धावत बोलावे लागले की जाहिरात औषधांच्या इशाऱ्यासारखी वाटू लागते. मुलाच्या नोकरीची गोष्ट मी मुद्दाम सांगितलेली नाही. तो चित्रपटाचा पेच आहे आणि तो तिकीट काढल्यावर कळावा. ‘मराठी चित्रपट’ हे दोन शब्द मात्र घालावेतच, कारण हिंदी गाण्यांच्या मध्ये आलेली जाहिरात मराठीत असली तरी नाटकाची आहे, मालिकेची आहे की दागिन्यांच्या दुकानाची, हे श्रोत्याला लगेच कळत नाही.

नाव कानाला कसे लागते हेही तपासावे. जोडाक्षरांचे, संस्कृत वळणाचे किंवा दोन अर्थांनी ऐकू येणारे नाव असेल तर ते संवादातूनच एकदा वापरून दाखवावे. ‘पाणपोई’ सरळ आहे. पण एखाद्या चित्रपटाचे नाव इंग्रजी आकड्यांचे असेल आणि पोस्टरवर ते चिन्हांनी लिहिलेले असेल, तर निवेदकाने ते कसे उच्चारायचे हे निर्माता, आरजे (केंद्रावर कार्यक्रम सादर करणारा) आणि तिकीट खिडकीवरचा माणूस या तिघांनी एकसारखे ठरवले पाहिजे.

इथे थोडा इतिहास आठवतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, जिथे १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘गीतमाला’ सुरू झाली होती. १९५७ साली विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले. त्यानंतरच्या काळात नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम गाजले. त्यांची रीत साधी होती. प्रसंग अर्ध्यावर ऐकवायचा, गाण्याचा मुखडा द्यायचा, आणि ‘पुढे काय झाले’ हे निवेदकाने न सांगता सोडून द्यायचे. आज आपल्याकडे पंधरा मिनिटे नाहीत, पण अर्ध्यावर सोडण्याची ती कला वीस सेकंदांतही जमते.

ध्वनिमुद्रण आणि कानाची चाचणी

शक्य असेल तर मूळ नटाकडूनच रेडिओसाठी संवाद पुन्हा बोलून घ्यावेत. चित्रपटातला म्हातारा हळू, थांबून बोलतो. रिक्षाच्या इंजिनावर तो ऐकू येणार नाही. चित्रपटाच्या गाण्याचा तुकडा वापरायचा असेल तर संगीताचे हक्क ज्या कंपनीला विकले आहेत तिची लेखी परवानगी आधी घ्यावी. ‘‘आमच्याच चित्रपटाचे गाणे आहे’’ एवढे सांगून भागत नाही, कारण करार झाला की ते गाणे निर्मात्याचे उरलेले नसते.

मिश्रण झाल्यावर स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकून समाधान मानू नये. केंद्र प्रसारित करताना आवाजाची पातळी दाबून एकसारखी करते, त्यामुळे स्टुडिओत हळुवार वाटलेले संगीत प्रत्यक्षात संवादाच्या अंगावर येते. मी फाइल फोनवर घेऊन तीन हात नाक्याहून माजिवड्यापर्यंत रिक्षाने जातो आणि चालकाला ती त्याच्या स्पीकरवर लावायला सांगतो. एकदा अशा फेरीत चालकाने जाहिरात संपल्यावर मागे वळून विचारले, ‘‘साहेब, हे कुकरचं आहे का?’’ पावसाच्या आवाजाऐवजी आम्ही जो परिणाम वापरला होता तो त्याला शिट्टीआधीच्या वाफेसारखा लागला होता. पाऊस काढून टाकला आणि त्या जागी पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज घातला, तेव्हा कुठे तो पाऊस वाटू लागला.

पैसे आणि वेळ

रेडिओचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने सांगितला जातो आणि तो केंद्र, हंगाम, वेळेचा पट्टा आणि आपली घासाघीस यांवर हलतो. हिशेब कसा करायचा हे दाखवण्यासाठी दर ₹६०० मानू. वीस सेकंदांची जाहिरात ८० वेळा वाजवायची म्हणजे १६०० सेकंद, म्हणजे दहा सेकंदांचे १६० भाग, म्हणजे ₹९६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१७,२८० धरून एकूण ₹१,१३,२८०. त्याच पैशांत तीस सेकंदांची जाहिरात ५३ वेळाच वाजेल. मी जवळजवळ नेहमीच वीस सेकंद आणि जास्त फेऱ्या हा पर्याय घेतो. तीस सेकंद लागतातच असे वाटत असेल तर बहुधा संहितेत एक विशेषण जास्त असते.

सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ हे पट्टे महाग असतात. प्रतिनिधी आपल्याला दिवसभरात कुठेही वाजणारे स्वस्त स्पॉट मोठ्या संख्येने देऊ करतो. त्यातले किती रात्री बारानंतर पडणार हे लेखी विचारून घ्यावे. ‘बोनस स्पॉट’ हे गोड शब्द ऐकले की हाच प्रश्न पुन्हा विचारावा.

८० स्पॉट चार केंद्रांवर वाटले तर प्रत्येकी वीस येतात आणि दिवसाला तीनही पडत नाहीत, म्हणजे तेच वाक्य दुसऱ्यांदा कोणीच ऐकत नाही. एकच केंद्र घ्यावे, फार तर दोन. आणि रोज सारखे स्पॉट लावू नयेत, कारण आपल्याकडे चित्रपटाचा निर्णय रोज होत नाही. तो गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना आणि शनिवारी सकाळी चहाच्या वेळी होतो. शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी सोमवारी व मंगळवारी सहा-सहा, बुधवारी बारा, गुरुवारी आणि शुक्रवारी अठरा-अठरा, शनिवारी चौदा आणि रविवारी दुपारच्या आत सहा, अशी मांडणी मला मानवते. पहिल्या दोन दिवसांचे स्पॉट कानाला साखळीची सवय लावण्यासाठी आहेत; तिकिटे विकण्याचे काम बुधवारपासून सुरू होते, तेव्हा आगाऊ विक्री उघडलेली असते.

सगळे ठरले की केंद्राला लेखी मागणी, म्हणजे रिलीज ऑर्डर, द्यावी; बोलीभाषेत ‘आरओ’. तीत तारीखवार आणि पट्टेवार संख्या, फाइलचे नेमके नाव, सेकंद आणि दर असावेत. तोंडी ठरलेले व्हॉट्सॲपवर राहते आणि भांडणाच्या वेळी सापडत नाही.

शेपटी बदलणे

जाहिरातीचे शेवटचे चार सेकंद, म्हणजे तिची शेपटी, वेगळे ठेवावेत आणि त्यांच्या निदान चार आवृत्त्या एकाच दिवशी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. ‘येत्या शुक्रवारपासून’, ‘उद्यापासून’, ‘आजपासून’ आणि ‘दुसऱ्या आठवड्यात’. ही साधी गोष्ट मी स्वतः एकदा विसरलो. ‘येत्या शुक्रवारपासून’ अशी एकच फाइल दिली आणि ती शुक्रवारी, शनिवारी, रविवारीही वाजत राहिली. रविवारी दुपारी माझ्याच मावशीचा नेरुळहून फोन आला, ‘‘अरे, तुझा पिक्चर पुढच्या शुक्रवारी आहे ना? तेव्हा जाऊ.’’ पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याचे वाशीतले खेळ उतरले होते.

खेळाच्या वेळा हा मराठी निर्मात्याचा जुना घोर आहे. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत जागा द्यावी, असे राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवले; तरीही कोणता पडदा आणि कोणती वेळ मिळणार हे प्रत्यक्षात प्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी कळते आणि सोमवारी पुन्हा बदलते. म्हणून ध्वनिमुद्रित जाहिरातीत चित्रपटगृहाचे नाव आणि नेमकी वेळ घालू नये. ते काम आरजेच्या तोंडी उल्लेखावर सोपवावे, कारण आरजेला दुपारी निरोप पाठवला तर तो संध्याकाळी बदलून बोलू शकतो.

आरजेला काय द्यावे आणि काय देऊ नये

आरजेचा उल्लेख स्पॉटपेक्षा महाग असतो, पण श्रोता त्या आवाजाला शेजारी मानतो. त्याला लिहिलेला परिच्छेद वाचायला देऊ नये. त्याने तो वाचला की शेजारी विक्रेता होतो. त्याला चित्रपट दाखवावा, निदान अर्धा, आणि तीन गोष्टी एका कागदावर द्याव्यात : नावाचा उच्चार, ठाणे आणि नवी मुंबईतल्या खेळांच्या त्या दिवशीच्या वेळा, आणि एक प्रश्न जो त्याने श्रोत्यांना विचारावा. ‘पाणपोई’साठी प्रश्न सोपा आहे. तुमच्या भागातली पाणपोई कुठे होती आणि आज तिथे काय आहे? अशा प्रश्नावर नौपाड्यातले आणि पनवेलमधले लोक आपणहून फोन करतात, आणि चित्रपटाचे नाव दहा वेगवेगळ्या आवाजांत प्रसारित होते, जे कोणत्याही दराने विकत मिळत नाही. नटांना केंद्रावर मुलाखतीला नेताना त्यांनाही हाच प्रश्न आधी सांगून ठेवावा. ‘‘शूटिंगच्या वेळी खूप धमाल आली’’ हे उत्तर मराठी श्रोत्याने पुरेसे ऐकलेले आहे.

तिकिटांच्या स्पर्धेत एक बारीक गोम असते. केंद्र मुंबईभरचे असल्याने विजेता विरारचा निघतो आणि आपली तिकिटे सीवूड्सची असतात. मग ती खुर्ची रिकामी राहते. फोन घेतानाच श्रोत्याचा परिसर विचारावा आणि तिकीट कोणत्या चित्रपटगृहाचे आहे हे आधी जाहीर करावे, असे केंद्राला आरओमध्येच लिहून द्यावे.

दाव्यांबाबत सावध राहावे. ‘सुपरहिट’, ‘हाउसफुल’, ‘वर्षातला सर्वांत मोठा’ असे शब्द वापरायचे तर ते सिद्ध करता आले पाहिजेत. जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत हे आहे आणि केंद्रेही त्यावर हरकत घेतात. चित्रपटाला ‘ए’ किंवा, २०२४ च्या नियमांनंतर आलेल्या वर्गवारीप्रमाणे, ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र असेल तर ते शेपटीत सांगून टाकावे. लहान मुलांना घेऊन आलेले कुटुंब दारातून परत गेले की ते पुढच्या वेळी आपल्या चित्रपटाचे नावही घेत नाही.

काय उपयोग झाला हे कसे कळावे

मोहीम संपल्यावर, किंबहुना चालू असतानाच, केंद्राकडून प्रसारण प्रमाणपत्र मागावे. त्यात प्रत्येक स्पॉटची तारीख आणि वेळ असते. ती आरओशी ताडून पाहावी. न वाजलेले किंवा चुकीच्या पट्ट्यात वाजलेले स्पॉट केंद्र पुन्हा वाजवून देते, मात्र चित्रपट पडद्यावर असेपर्यंतच त्याचा उपयोग आहे. म्हणून पहिले तीन दिवस रोज संध्याकाळी यादी मागण्याचा आळस करू नये.

रेडिओमुळे किती तिकिटे गेली हे नेमके मोजता येत नाही, आणि मोजता येते असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. दोन ढोबळ उपाय मी करतो. गुरुवारी संध्याकाळच्या पट्ट्यातले स्पॉट वाजत असताना ऑनलाइन आरक्षणाचे आकडे दर अर्ध्या तासाने लिहून ठेवतो आणि बुधवारच्या त्याच तासांशी ताडतो. आणि शनिवारी मध्यंतरात ठाण्यातल्या एका आणि वाशीतल्या एका चित्रपटगृहाच्या बाहेर उभा राहून वीस-पंचवीस जणांना विचारतो की चित्रपटाचे कुठे कळले. बहुतेक जण म्हणतात, ‘‘कुठेतरी ऐकलं.’’ त्यावर मी फक्त एवढेच विचारतो, ‘‘काय ऐकलं?’’ कोणी ‘तो साखळीचा पेला’ किंवा ‘अर्धं ठाणं माझं असतं’ असे म्हणाला की तो रेडिओचा माणूस. कोणी नटाचे नाव सांगितले तर तो बहुधा यूट्यूबवरून आलेला असतो. वीसपैकी चार-पाच जणांनी साखळी सांगितली तर दुसऱ्या आठवड्यासाठी थोडे पैसे बाजूला काढायला हरकत नाही.

तो निर्णय रविवारी रात्री, सोमवारच्या खेळांची यादी हाती आल्यावर घ्यावा. ठाण्यातले आणि वाशीतले संध्याकाळचे खेळ टिकले असतील तर सोमवारी सकाळी केंद्राला ‘दुसऱ्या आठवड्यात’ ही शेपटी लावलेली फाइल पाठवून बुधवार ते शनिवार दिवसाला सहा स्पॉट सांगावेत. फक्त सकाळी दहाचा खेळ उरला असेल तर सगळे स्पॉट थांबवून ती रक्कम चित्रपट ओटीटीवर येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवावी, आणि पाणी पिऊन जा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा तो ट्रॅक जपून ठेवावा, तेव्हा नव्या शेपटीसह तोच पुन्हा कामाला येतो.